भांडाराची न शिजणारी डाळ

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक. वर्ध्याला कुठलीही सभा असली की ते नालवाडीहून पायी जात आणि येताना पिशवीत, खिशात, कधी टोपीच्या घडीतसुद्धा पत्रकं घेऊन येत. दारूबंदी, सोनखत, देवीची लस, साक्षरता, सहकार. जेवताना ते आम्हाला ती वाचून दाखवत. वाचून झालेली पत्रकं आई फळ्यांवर अंथरायची, त्यामुळे आमच्या घरात मिठाची बरणी साक्षरतेवर आणि तेलाची बुधली दारूबंदीवर उभी असे.

सतराव्या वर्षी मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले. शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईनं चार-पाच प्रती काढायच्या, गव्हाच्या पिठाची खळ करायची आणि एक प्रत पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर, एक मोटारथांब्याच्या कडुनिंबावर, बाकीच्या जिथं जागा मिळेल तिथं चिकटवायच्या. खाली सही ‘एक नागरिक’. माझं अक्षर अख्ख्या नालवाडीला ओळखू येत असे, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. बाया आईला म्हणायच्या, “तुमच्या नागरिकाचं शुद्धलेखन चांगलं हाये, मास्तरीणबाई.”

त्या वेळी वर्षाची डाळ घ्यायला आम्ही वर्ध्याच्या बाजारातल्या मोठ्या किराणा दुकानात जात असू. होळी झाली की नवी तूरडाळ यायची आणि उन्हाळ्यात घरोघर वर्षाची साठवण व्हायची. दुकान मोठं, थंडगार. आत गेलं की हिंगाचा, गुळाचा आणि तागाच्या पोत्यांचा वास. बायांना बसायला बाक होता. सेठ स्वतः गादीवरून उठून सुपारीची तबकडी पुढं करायचे. मग चार पोत्यांतून चार मुठी डाळ चार कागदांच्या पुड्यांत बांधून आईच्या हातात द्यायचे. ही वानगी. ती घरी न्यायची, वेगवेगळ्या पातेल्यांत शिजवायची, जी मऊ शिजेल ती सांगायची, की त्याच पोत्यातली डाळ बैलगाडीनं घरी यायची. वानगी न पाहता डाळ घेणारी बाई आमच्याकडे आळशी समजली जायची.

पुडी बांधण्याआधी सेठ हमखास एक प्रश्न विचारायचे, “पानी कोन्या विहिरीचं, बाई?” आईनं गल्लीतल्या विहिरीचं म्हटलं की ते एक पोतं पायानंच बाजूला सारायचे. “मग ही राहू द्या. तुमच्यासाठी ती आतली काढतो.” आतली डाळ हटकून महाग असायची. त्यामुळे हा प्रश्न म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशाचा अंदाज घेण्याची युक्ती आहे, याबद्दल माझी खात्री झाली होती.

एकदा आम्ही बाकावर बसलो होतो आणि पायऱ्यांखाली उन्हात एक बाई उभी होती. तिला मी ओळखत होते. आमच्या वस्तीच्या टोकाला, मळ्याच्या कडेला गोंडांची सात-आठ घरं होती, त्यांतली ती. कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायची. बहिणीशी बोलताना गोंडी, आमच्याशी बोलताना आमच्यासारखीच. तिला सगळेजण मावशी म्हणत.

“पावशेर डाळ द्या नं, सेठ. जिनाचा भोंगा होऊन राह्यला.”

“थांब वं. बाया बसल्या हायेत, दिसत नाई का?”

आमच्या चार पुड्या बांधून झाल्या, आईची सुपारी चघळून झाली, एका वकिलाची बायको आली, तिच्याही पुड्या बांधून झाल्या. मावशी उन्हातच. शेवटी नोकरानं तिला पावशेर डाळ मोजून दिली ती सेठनी आमच्यासमोर पायानं बाजूला सारलेल्या पोत्यातली, आणि भाव सांगितला तो आम्हाला सांगितलेल्या भावापेक्षा वरचा.

मी उठून उभी राहिले. “हा भाव वेगळा कसा?”

आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. सेठ हसले. “पाव-पाव शेर मोजण्यात हात मोडते, बेटा. पोरगी शाळेत पयली येते काय, बाई?”

“पत्रकं लिवते,” आई म्हणाली. एखाद्याला घरातलं जुनं दुखणं सांगावं तशा आवाजात.

म्हणून नालवाडीत सहकारी भांडार उघडलं तेव्हा मला सण आल्यासारखं वाटलं. कापसाचं एक जुनं गोदाम झाडून घेतलं होतं. आढ्यातून अजूनही कापसाचे तंतू गळत आणि तांदळावर बसत. विकायला गुरुजी बसत. ते बाबांच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. पेपर तपासावेत तसे ते धान्य तोलत, एक दाणा जास्त झाला तर तोही उचलून परत पोत्यात टाकत. बाक नाही, सुपारी नाही, पुडीचा कागद नाही. पिशवी आपली आपण आणायची. विसरलात तर मीठ पदरात. एक तांदूळ, एक डाळ, एक गूळ. हे सगळं नसल्यामुळेच भाव बाजारापेक्षा बराच कमी होता आणि तो पाटीवर खडूनं लिहिलेला असे, सगळ्यांसाठी तोच.

आईला ते दुकान वाटतच नव्हतं. “पाहाले काय हाये तिथं? पोतं अन् गुरुजी!”

पण तिथं एकच रांग होती. पहिल्याच सकाळी रांगेत सगळ्यात पुढं मावशी होती आणि तिच्या मागं तहसीलीतल्या बाबूंची बायको, आमच्या शेजारच्या काकू. काकूंनी सवयीनं पिशवी पुढं केली. गुरुजी चष्म्यावरून पाहत म्हणाले, “क्रमांकानं.” मावशीनं पावशेर डाळ घेतली, पाटीवर लिहिलेल्या भावानं, आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, “आज भोंग्याच्या आदी पोचतो मी.” मी घरी जाऊन लगेच पत्रक लिहिलं.

भांडाराचे नियम ठरवायला सभासदांची सभा झाली. काकूंनी विचारलं, डाळीची वानगी मिळेल ना? मी उभी राहिले. म्हटलं, वानगी कोणाला मिळते? जी पायल्यांनी डाळ घेते तिला. पावशेर घेणाऱ्या बाईला आजवर कोणी मूठभर डाळ फुकट दिली आहे का? मग जी सवलत एकीला आहे आणि दुसरीला नाही, ती आपल्या भांडारात नको. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात बाबांनी वाजवल्या. ‘वानगी मिळणार नाही’ ही ओळ पाटीवर माझ्याच अक्षरात लिहिली गेली.

घरी चूल पेटवताना आई म्हणाली, “सगळ्यायले वानगी द्या, असं काऊन नाई म्हटलं वं?”

मी म्हटलं, “तत्त्व आहे, आई.”

“हो का? शिजवाचं कोनाले हाये ते?”

त्या उन्हाळ्यात गुरुजींनी समुद्रपूरकडच्या शेतकऱ्यांकडून थेट डाळ आणली. मधे दलाल नाही, म्हणून आणखी स्वस्त. गोदाम दोन्ही बाजूंनी पोत्यांनी भरलं. मी आजवरचं सगळ्यात लांब पत्रक लिहिलं. त्यात लिहिलं होतं की बाजारात विहीर विचारून डाळ देतात, उद्या चुलीचं तोंड कोणत्या दिशेला आहे तेही विचारतील. आपल्या भांडारात सर्वांना एकच डाळ, कारण भूक सर्वांची एकच. ते शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते दोनदा लिहिलं.

लोकांनी भांडारातून डाळ घ्यायचं कबूल केलं. पण घरोघरच्या बाया हुशार. कोणीच एकदम वर्षाची घेतली नाही. “आदी दोन पायल्या घेतो, मंग पाहू.” आईनंही दोनच पायल्या घेतल्या.

पहिल्या दिवशी डाळ दोन तास चुलीवर होती. उकळी येत होती, फेस येत होता, वर पाणी आणि खाली दाणे, टणक, जसेच्या तसे. आईनं रवीनं घुसळलं तर पातेल्यात खडखड आवाज आला. तिनं तशीच फोडणी घालून ताटात वाढली.

बाबांनी पहिला घास बराच वेळ चघळला. “चावून खाल्लेलं अन्न अंगी लागतं,” ते म्हणाले. “मागच्याच महिन्यात एका पत्रकात होतं.”

“तुमच्या पत्रकाले दात हायेत काय?” आईनं विचारलं.

धाकटा भाऊ हसता हसता ठसकला. मी खाली मान घालून दाणे मोजल्यासारखे चावत राहिले. शेजारून काकूंच्या घरातूनही कोणीतरी ओरडल्याचा आवाज आला: “ही डाळ हाये का गिट्टी?”

दोन दिवसांनी सकाळी भांडारासमोर बाया जमल्या. सगळ्यांच्या घरी तीच तऱ्हा.

“गुरुजी, सोडा घातला, तेल घातलं, रातभर भिजवली. नाई शिजत.”

“नागरिकाले बोलवा! तिचं पत्रक घाला पातेल्यात, शिजते काय पाहू.”

“काई म्हना, सेठ वानगी तं देत होता.”

काकूंनी तर सांगूनच टाकलं, “आमी आता बाजारातच जातो. सुपारी खाऊ, बाकावर बसू अन् शिजनारी डाळ आनू.” आणि चार-पाच जणींनी माना हलवल्या.

त्या गेल्यावर गुरुजींनी चष्मा काढून पुसला. ते मला म्हणाले, “अक्षय्य तृतीयेला वरच्या समितीचे लोक येणार आहेत. एवढी पोती तशीच दिसली तर भांडार बंद करतील. या घरांनी साठवण घेतली नाही, तर पाव-पाव शेरावर ते चालणार नाही. मी हिशेब शिकवला आहे, मला कळतं.”

मी काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला, “मंग आमी कुठं जाव, गुरुजी? पुन्हा त्या पायऱ्याईखाली?”

मावशी रांगेत होती. बाया निघून गेल्या तरी तिची पाळी तिनं सोडली नव्हती. तिनं पिशवी पुढं केली. “पावशेर डाळ.”

“मावशी, तीच डाळ आहे,” मी म्हटलं. “शिजत नाही ती.”

“कोन म्हनते? माह्या घरी लोन्यावानी शिजली.”

“काय?”

“खोटं काऊन बोलू? घोटाचंही काम नाई पडलं. पोरं वरपून प्याली.”

मी तिला चुलीबद्दल विचारलं, लाकडाबद्दल विचारलं, भांड्याबद्दल विचारलं. सगळं आमच्यासारखंच. मग मला सेठचा प्रश्न आठवला. “पाणी कोणत्या विहिरीचं, मावशी?”

“मळ्यातल्या विहिरीचं. अजून कोनतं? तुमच्या गल्लीच्या विहिरीवर आमाले कोन येऊ देते?”

तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं. मी गल्लीच्या विहिरीवर लहानपणापासून पाणी भरत होते. समतेवर माझी किमान दहा पत्रकं झाली होती आणि त्यांतलं एक तर मी त्या विहिरीच्या खांबावरच चिकटवलं होतं. त्या विहिरीवर कोण येत नाही, हे माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

त्या दिवशी मी पत्रक लिहिलं नाही. मी आईकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “गल्लीचं पानी खारं हाये. साबनाले फेस येत नाई त्याच्यात, डाळ काय शिजन? सेठ आपल्याले मऊ शिजाले तेल-पानी लावलेली डाळ देत होता. म्हनून महाग.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“वानगी पाहा म्हनून सांगत होतो मी. तू टाळ्या ऐकत होती.”

पण मग तीच उठली आणि परातीखालून तीन सारखी पातेली काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भांडारासमोर तीन चुली मांडल्या. एका पातेल्यात गल्लीच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात शाळेच्या, तिसऱ्यात मळ्यातल्या विहिरीचं, त्या दिवशी जिन बंद होतं, म्हणून ते मावशी स्वतः घेऊन आली. गुरुजींनी तिन्हींत डाळ तोलून घातली. एका पातेल्यात चार दाणे जास्त झाल्याची शंका आली म्हणून त्यांनी ते परत काढले. पोरं गोळा झाली, मग बाया, मग शाळेत निघालेले दोन मास्तर. प्रत्येकीला काही ना काही सांगायचं होतं.

“जाळ सारखा ठेवा वं! तिकडं जास्त हाये.”

“मधल्यावर झाकन काऊन नाई?”

“मास्तरीणबाई, लग्नाची पंगत हाये का?”

“हो, नागरिकाचं लगन हाये,” आई म्हणाली, “डाळीसंगं.”

तासाभरानं आईनं पळी घातली. गल्लीच्या पाण्यातली डाळ खडखडली. शाळेच्या पाण्यातली कशीबशी मोडली. मळ्याच्या पाण्यातली पळीवरून ओघळली. गुरुजींना वाचायला मोठं अक्षर लागायचं, पण ते ओघळणं त्यांनाही दिसलं. काकूंनी तळहातावर थेंब घेऊन चाखला, पुन्हा घेतला, आणि मग मोठ्यानं म्हणाल्या, “डाळीचा दोष नाई. आपल्या विहिरीचा हाये.”

आता प्रश्न पाण्याचा होता. मळा काही फार दूर नव्हता. डाळीपुरती एक घागर रोज आणता आली असती. काकूंनी मावशीला विचारलं, “आमी आलो तं चालन का तुमच्या विहिरीवर?”

मावशी चुलीजवळ उकिडवी बसली होती. “या नं. पन वैशाखात आमची विहीर तळाले जाते. तवा आमी दोन कोस जातो. तवा आमाले येऊ द्याल काय तुमच्या विहिरीवर?”

जाळ तेवढा तडतडत होता. एकीनं पदर सारखा केला, दुसरी पोराला हाका मारायला लागली. मी तोंड उघडलं, तर आईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ते मिटून घेतलं. माझ्या भाषणानं त्या क्षणी काय झालं असतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मग आईच म्हणाली, “येजो. माह्या घागरीच्या मागं लावजो तुही घागर.”

काकूंनी डाळीकडं पाहिलं. “आता खायाची म्हटली तं...” त्या म्हणाल्या, आणि वाक्य अर्धंच ठेवून त्यांनी मान हलवली. सगळ्यांनी हलवली नाही. दोन घरं बाजारातच गेली आणि त्यांतल्या एका घरानं आमच्या घरचं हळदीकुंकूही वर्षभर टाळलं. आईला त्याचं वाईट वाटलं, पण तिनं शब्द फिरवला नाही. वैशाखात मावशीची घागर आमच्या विहिरीवर आली, आणि तिच्यामागून बाकीच्या सात घरांच्याही.

मी जुनं पत्रक गिरणीच्या भिंतीवरून खरवडून काढलं आणि नवं लिहिलं. विहीर विचारून डाळ देणारा दुकानदार डाळीपुरता बरोबर होता, मी चूक होते. मावशीला उन्हात उभं करून वरचा भाव लावणारा तो चूकच होता आणि राहील. खाली या वेळी माझं खरं नाव लिहिलं. ते कोणीतरी बाजारात सेठना वाचून दाखवलं. चार दिवसांनी त्यांनी बाबांजवळ निरोप पाठवला, “पोरीले सांगा, अर्धं पत्रक चांगलं हाये.”

अक्षय्य तृतीयेला समितीचे दोन गृहस्थ आले. गोदामात तीन पोती उरली होती. त्यांनी विचारलं, बाकीची डाळ परत पाठवली का? “खाल्ली,” गुरुजी म्हणाले. पाहुण्यांना आईनं वरणभात वाढला. एकानं दुसऱ्यांदा वरण मागितलं, आणि जाताना ते म्हणाले, पुढच्या हंगामाची मागणी आताच पाठवून द्या. गुरुजींनी त्याच दिवशी पाटी पुसली आणि माझ्याकडून नवी ओळ लिहून घेतली, ‘वानगी मिळेल. पावशेरालाही.’

पहिले काही दिवस ही ओळ नुसतीच पाटीवर होती. पावशेर घेणाऱ्या बायांना विश्वास बसेना. मूठभर फुकट मागितलं तर गुरुजी रागावतील असं त्यांना वाटे. मग एका सकाळी मावशी रांगेतून पुढं आली आणि तिनं गुळाची वानगी मागितली. गुरुजींनी ढेपेचा एक खडा फोडून दिला. तिनं तो जिभेवर ठेवला, डोळे बारीक केले आणि भरल्या रांगेसमोर सांगितलं, “हा खारा हाये, गुरुजी. मी नाई घेत. दुसरी ढेप फोडा.”

गुरुजींच्या आयुष्यात विद्यार्थ्यानं पेपर परत करण्याचा प्रसंग पहिल्यांदाच आला असावा. त्यांनी तिच्याकडे, मग ढेपेकडे पाहिलं आणि उठून ते आतली दुसरी ढेप आणायला गेले. रांगेतल्या बाया हसायला लागल्या, त्यात काकूंचा आवाज सगळ्यात मोठा. मला तर स्फुरण चढलं होतं. मी पिशवीतून वही काढली आणि तिथंच उभ्यानं लिहायला लागले: गिऱ्हाइकाचा पहिला हक्क...

“काय लिवून राह्यली वं?” मावशीनं विचारलं.

“तुझ्याबद्दलच. गूळ खारा आहे म्हणून तू—”

“तुले काय मालूम खारा हाये?” तिनं उरलेला खडा माझ्यापुढं धरला. “आदी चाख. मंग लिवजो.”

मी वही काखेत धरून तो खडा तोंडात टाकला. खारा होता.